उद्यमवीर कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

उद्योगधंद्याच्या वाटेवर भांडवलाची अडचण मोठी खरी. परंतु तीहूनही मोठी अडचण मनुष्याच्या स्वतःच्या मनात दडून बसलेली असते. हे आपल्याला साधेल काय, चार लोक हसतील काय, आहे तेही गमावून बसू काय, अशा शंकांनी कितीतरी होतकरू तरुणांचे पाऊल उंबरठ्याच्या आतच अडखळते. आपल्या ज्ञातीत बुद्धीची वाण नाही, कष्टाची तयारीही आहे. तथापि दरमहा हाती पडणाऱ्या पगाराची ओढ आपणांस सुटता सुटत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत, अपयशाचे एकामागून एक आघात सोसून उद्योग उभा करणाऱ्या एका थोर पुरुषाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय पाठांपेक्षा चित्रांकडे आणि यंत्रांकडे त्यांचे मन अधिक धावे. वडीलबंधू रामूअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. परंतु काही काळाने असे ध्यानात आले की, त्यांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद नीट उमगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणास याहून कठोर निकाल कोणता? घरी परत जाऊन नशिबाला दोष देत बसणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. रंग नाही तर रेषा तरी आपली आहे, हे ओळखून त्यांनी यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

शिकवण्याच्या निमित्ताने यंत्रांशी त्यांचा परिचय दृढ होत गेला. त्याच सुमारास मुंबईत सायकली खरेदी करून त्या बेळगावास पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या तेथे विकाव्यात, गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवावे, असा छोटासा व्यापार दोघा बंधूंनी चालविला होता. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अपमान गिळून पगारावर दिवस काढणारे त्या काळी पुष्कळ होते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बेळगाव गाठले आणि पूर्ण वेळ धंद्यात पडले.

केवळ परक्याचा माल विकून त्यांचे समाधान होईना. बेळगावात लहानसा कारखाना थाटून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर हाती घेतला. नांगर तर तयार झाला; घेणारा मात्र मिळेना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरणाऱ्या हातांनी या नव्या वस्तूकडे संशयाने पाहावे, यात नवल नव्हते. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली म्हणतात. वाचकहो, ती दोन वर्षे डोळ्यांपुढे आणून पाहा. माल पडून आहे, कामगारांची मजुरी द्यावयाची आहे आणि गिऱ्हाईक दाराशी फिरकत नाही. अशा वेळी चूक आपलीच तर नाही ना, ही शंका भल्याभल्यांचे धैर्य खचविते. लक्ष्मणरावांनी कारखाना बंद केला नाही. शेतकऱ्याचा विश्वास बसेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी होती, आणि तो विश्वास अखेर बसला.

इतक्यात दुसरे संकट ओढवले. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. उभा केलेला पसारा घेऊन जावे कोठे? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणग्राहक. औंधच्या देवळाच्या सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचे कर्तृत्व त्यांनी पाहिलेले होते. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. कुंडल रोड स्टेशनाजवळ सुमारे ३२ एकरांचा तो माळ निवडुंगाने आणि सापांनी भरलेला होता. १९१० साली आपले कामगार व त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव तेथे आले आणि त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली.

नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, पंप आदी अवजारे तेथे तयार होऊ लागली. घरे, शाळा, पाणी यांची सोय झाली. ज्यांच्या कपाळी समाजाने गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, अशांनाही लक्ष्मणरावांनी राखणदारीसारखी विश्वासाची कामे दिली. १९२० साली कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ मधून पुढे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ मासिक नावारूपास आले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांनी उद्योगाचा विस्तार केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. १९६९ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

शेवटी एक कबुली देणे मला अवश्य वाटते. तीस-पस्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात किती तरी मुलांनी मला पुढे काय करावे म्हणून विचारले असेल, आणि बहुतेकांस मी नोकरीचाच मार्ग दाखविला. एक विद्यार्थी वेल्डिंगचे दुकान काढण्याचे म्हणत होता. घरची स्थिती बेताची, म्हणून मीच त्यास परावृत्त केले. आज तो कारकुनीतून निवृत्त होण्याच्या बेतात आहे. भेटला म्हणजे नम्रपणे नमस्कार करतो. मला मात्र त्याच्या हातांकडे पाहवत नाही. त्याच्या मनात शंका होती, पण ती दृढ करणारा मी होतो.

म्हणून ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस माझी हात जोडून विनंती आहे. घरातील मुलगा अथवा मुलगी धंद्याची गोष्ट काढील, तेव्हा हिशेब अवश्य विचारा, चुका दाखवा. परंतु रामूअण्णांप्रमाणे पाठीशीही उभे राहा. आणि तरुणांनो, पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, एवढे ध्यानी ठेवा.