गरिबांचे बॅरिस्टर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. गरिबाला मात्र ती पायरी चढावी की नाही, हे ठरवण्याची मोकळीकच नसते. वकिलाची फी, कोर्ट फी आणि प्रत्येक तारखेला बुडणारा रोज यांचा हिशेब मांडताच तो माघारी फिरतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या परिसरात अशी कुटुंबे आम्हांस नित्य भेटतात. कोणाचा पोटगीचा प्रश्न असतो, कोणाचा घराच्या कागदपत्रांचा, तर कोणाच्या मजुरीचे पैसे अडलेले असतात. म्हणूनच भारतीय संविधानाच्या शिल्पकाराचे चरित्र आज आपण एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे गरिबांचे वकीलही होते.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. मूळ गाव कोकणातील आंबडवे. साताऱ्यात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकताना अस्पृश्यतेचे चटके त्यांनी सोसले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला पोहोचले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अर्धवट शिक्षण सोडून परतावे लागले. सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले.

१९२३ साली मायदेशी परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी सनद घ्यावयाची, तर तेवढे पैसेही जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी स्नेह्याने ते दिले. परंतु सनद मिळाली म्हणून पक्षकार मिळतातच असे नाही. बॅरिस्टरांकडे काम येई ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य समाजातील बॅरिस्टराकडे खटला सोपवण्यास ती मंडळी तयार नव्हती. त्यामुळे बाबासाहेबांना अपिलांवर आणि जिल्ह्यांच्या न्यायालयांतील कामांवर भिस्त ठेवावी लागली. संसार चालवण्यासाठी १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवू लागले. परळच्या पोयबावडीतील चाळीत दोन खोल्यांत त्यांचे कुटुंब राहत होते.

स्वतःची ही अवस्था असताना त्यांच्या दाराशी येणारे लोक त्यांच्याहून गरीब होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये, १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कार्यालयात, गिरणीकामगार आणि गावोगावचे शेतमजूर आपली गाऱ्हाणी घेऊन येत. ज्यांच्यापाशी देण्यास काहीच नसे, त्यांचे काम बाबासाहेब विनामूल्य करीत. बाहेरगावाहून आलेल्या पक्षकारांना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतल्याचे आणि पत्नी घरी नसता स्वतः रांधून जेवू घातल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत निर्धन वादीस कोर्ट फी न भरता दावा लावण्याची सोय होती. परंतु त्याला वकील मिळवून देण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती. ही उणीव बाबासाहेबांसारख्या मोजक्या वकिलांनी पदरमोड करून भरून काढली.

दिवाणी न्यायालयात गरिबाचे काय पणास लागलेले असते, हे महाडच्या दाव्यावरून उमगते. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ३ मे रोजी, ते आपल्या बदलापुरात शिवजयंतीच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते, हे येथील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. डिसेंबरात ते पुन्हा सत्याग्रहास सज्ज झाले, तेव्हा विरोधकांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी प्राचीन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले असतानाही बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला आणि सत्याग्रह तहकूब करून न्यायालयात लढण्याचा मार्ग धरला. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. १९३१ साली मूळ दावा फेटाळला गेला. विरोधकांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील केले. तेही १९३३ साली फेटाळले गेले. आपली तिन्ही शहरे आज ज्या जिल्हा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात, तेथेच या लढ्याचा एक टप्पा पार पडला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी प्राचीन रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. ओंजळभर पाण्यासाठी तीन न्यायालये आणि सव्वानऊ वर्षे लागली. प्रतिवादींमध्ये एक बॅरिस्टर नसता, तर हा दावा इतकी वर्षे लढवणे त्या गरिबांना शक्य झाले असते काय, याचा विचार आपणच करावा.

पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३७ साली कोकणातील कुळांसाठी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. मूलभूत हक्क भंगल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची तरतूद त्यांना संविधानाचा आत्मा वाटे. कारण दाद मागता येत नसेल तर हक्क निरर्थक ठरतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्या पश्चात, १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-क म्हणून संविधानात आले. त्यानुसार झालेला विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता हे साहाय्य मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. यात वकिलाची फी, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्च येतो. दिवाणी दाव्यांनाही ते लागू आहे. त्यासाठी ठाणे जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

एकेकाळी जे एका माणसाच्या उदारतेवर अवलंबून होते, ते आज कायद्याने आपले झाले आहे. तथापि, ज्याला याची माहितीच नाही त्याच्यासाठी हा कायदा असून नसल्यासारखा आहे. आपल्या शेजारी कोणी विधवा, भाडेकरू वा कामगार पैशाअभावी आपला हक्क सोडून देत असेल, तर त्याचा अर्ज लिहून देणे आणि त्याच्यासोबत ठाण्यापर्यंत जाणे एवढे तर आपणा प्रत्येकाला शक्य आहे. बाबासाहेबांच्या वकिलीचे याहून उचित स्मरण आम्हांस सुचत नाही.