डॉ. वाल्डेमार हाफकिन : आधी ससे, मग स्वतः

परळची हाफकिन संस्था आपल्याला माहीत असते, पण ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते हाफकिन कोण, हे मुलांना सांगायचं राहून जातं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. तिची चाचणी आधी प्राण्यांवर घेतली आणि जुलै 1892 मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. 1893 साली ते भारतात आले.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसं पटापट मरत होती. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत काम सुरू केलं. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू त्यांना लोंबकळत छान वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारले. झाली लस तयार! पण ती खरंच काम करते का? डिसेंबरात त्यांनी सशांवर चाचणी घेतली. ससे वाचले.

माणसांचं काय? 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आणि न घेतलेल्यांत जास्त आढळला. ही तुलना म्हणजेच पुरावा.

1902 साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष असल्याचं मान्य व्हायला 1907 साल उजाडलं. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. 1930 साली लोझान येथे त्यांचं निधन झालं.

वर्गात ही तुलना मुलांना करून दाखवा. दोन वाट्यांत मटकी ठेवा. एक भिजवा, दुसरी कोरडीच राहू द्या. दुसरी वाटी कशाला, हे मुलांनाच विचारा.

आणि पालकहो, लशीनंतर बाळाला ताप आला म्हणून पुढचा डोस परस्पर टाळू नका. डॉक्टरांना विचारा. ताप हाफकिन यांनाही आला होता.