विद्यार्थी भाऊसाहेब : पापळ ते एडिंबरो

डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख हे नाव वऱ्हाडातील कुणबी समाजाच्या घराघरांत आदराने घेतले जाते. कृषिमंत्री भाऊसाहेब, घटना समितीचे सभासद भाऊसाहेब, श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक भाऊसाहेब यांचा गौरव आपल्या मेळाव्यांतून नेहमीच होतो. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षात परक्या देशातील विद्यापीठाच्या दाराशी जाऊन उभा राहिलेला विद्यार्थी भाऊसाहेब आपल्या मुलांना फारसा परिचित नाही. आज यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या कित्येक कुटुंबांत मुलामुलींना परदेशी शिकावयास पाठविण्याचा विचार चालू आहे. अशा वेळी या विद्यार्थ्याचे चरित्र पुन्हा सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

यवतमाळहून अमरावतीस निघालेल्या प्रवाशाने नेर मागे टाकले म्हणजे नांदगाव खंडेश्वरचा मुलूख लागतो. त्याच भागातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी भाऊसाहेबांचा जन्म झाला. वडील श्यामराव व आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम; देशमुखी वतनामुळे ते देशमुख म्हणविले जाऊ लागले. घर शेतकऱ्याचे. गावात शिक्षणाची सोय अपुरी, म्हणून मुलाला आधी चांदूर रेल्वे, नंतर कारंजा लाड आणि पुढे अमरावतीचे हिंदु हायस्कूल अशी गावे बदलावी लागली. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले. शिक्षणासाठी घर सोडावे लागते, ही गोष्ट या मुलाला लहानपणीच अंगवळणी पडली होती.

त्या काळची परिस्थिती आजच्या पिढीने ध्यानी घ्यावी. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले ते १९२३ साली. अमरावतीस सरकारी महाविद्यालय निघाले, तेही त्याच वर्षी. म्हणजे भाऊसाहेबांच्या विद्यार्थिदशेत अवघ्या वऱ्हाडात स्वतःचे असे विद्यापीठ नव्हते. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा या मार्गाने यवतमाळला येणारी लहान रेल्वे आपला कापूस बंदराकडे नेत असे आणि तो विलायतेच्या गिरण्यांपर्यंत जाई. कापूस जात होता. कापूस पिकविणाऱ्याचा मुलगा मात्र क्वचितच जात होता.

१९२० साली फर्ग्युसनमधील शिक्षण अर्ध्यावर ठेवून भाऊसाहेब विलायतेस निघाले. खर्चाचा प्रश्न बिकट होता. श्यामरावांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. परंतु कास्तकाराच्या घरी जमीन गहाण पडते तेव्हा त्या घरात रात्री झोप येत नाही, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. मुलगा शिकेल की नाही, परत येईल की नाही, आला तर कमावील की नाही, यांपैकी कशाचीही हमी नसताना बापाने केलेले हे धाडस होते.

भाऊसाहेबांनी एडिंबरो विद्यापीठात प्रवेश घेतला. या विद्यापीठाची हकीकत मनोवेधक आहे. सोळाव्या शतकात राजाची सनद घेऊन त्या शहराच्या नगरसभेने ते उघडले. म्हणजे गावाने गावच्या मुलांसाठी काढलेली ती पाठशाळा. अशा सार्वजनिक विद्यापीठाचे दार पुढे परदेशी विद्यार्थ्यांनाही खुले झाले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी रसायनशास्त्रातील डी.एससी. एकोणिसाव्या शतकात तेथूनच मिळविली होती. स्कॉटलंडमध्ये कलाशाखेच्या पहिल्या पदवीसच एम.ए. म्हणतात. ती भाऊसाहेबांनी संपादन केली.

त्यांनी विषय निवडला संस्कृत. शेतकऱ्याच्या मुलाने वेदवाङ्मयाचा अभ्यास करावा, ही गोष्ट त्या काळी इकडे अनेकांना रुचली नसती. तिकडे मात्र आर्थर बेरीडेल कीथ यांच्यासारखा जाडा पंडित संस्कृतच्या आसनावर होता आणि विद्यार्थ्याची जात विचारली जात नव्हती. भाऊसाहेबांना व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली आणि घरावरील भार पुष्कळ हलका झाला. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डी.फिल. ही पदवी मिळविली. तो ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने प्रसिद्ध केला. याच मुक्कामात ते बॅरिस्टरही झाले.

१९२६ साली ते परतले आणि अमरावतीस वकिली करू लागले. एवढ्या विद्येवर मुंबईत वा अन्यत्र सुखाने राहता आले असते. परंतु खेड्यातील मुलाला शहरात राहावयास जागा नसते, हा स्वानुभव ते विसरले नव्हते. त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना आसरा दिला. १९२७ साली अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मुद्दाम नमूद करावे, असे आम्हांस वाटते. भाऊसाहेब आपले आहेत, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु ते केवळ आपले नव्हते, हे विसरून त्यांना लहान करू नये.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून आले व मंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने १९३३ साली कर्जलवाद कायदा झाला. सावकार व ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम सामोपचाराने ठरवावी आणि हप्ते बांधून द्यावे, अशी त्याची योजना होती. ज्याच्या शिक्षणासाठी बापाने जमीन गहाण टाकली, त्याच्या हातून गहाण पडलेल्या हजारो कास्तकारांसाठी कायदा व्हावा, यातच श्यामरावांच्या त्यागाची खरी परतफेड आहे, असे आम्ही समजतो. १९३२ साली स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था, १९५२ ते १९६२ पर्यंतचे केंद्रीय कृषिमंत्रिपद, भारत कृषक समाज, दिल्लीचे जागतिक कृषिप्रदर्शन हा पुढील इतिहास सर्वविदित आहे.

आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली. म्हणून पालक अजूनही सल्ला विचारण्यास येतात. परदेशी पाठविण्यासाठी वावर विकावे काय, हा प्रश्न हटकून निघतो. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने दोन एकर विकून एका मध्यस्थाच्या हाती पैसा दिला. मुलगा पोहोचला तेव्हा कळले, की तेथील पदवीस कोणी मान देत नाही. श्यामरावांनी जमीन गहाण टाकली ती नामांकित विद्यापीठासाठी आणि मुलाची तयारी पाहून. मध्यस्थाच्या शब्दावर नव्हे, हा भेद ओळखावा. सार्वजनिक विद्यापीठे विद्यार्थ्याचा अर्ज स्वतः स्वीकारतात. जर्मनीतील बहुसंख्य सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी घेतली जात नाही. मात्र राहण्याखाण्याच्या खर्चाची तजवीज आधी दाखवावी लागते. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्तीही आहे. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज, मग बँक, आणि सर्वांत शेवटी वावर, हा क्रम पालकांनी ठेवावा. आपल्या संघानेही परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांना कागदपत्रांत साहाय्य करण्यासाठी चार जाणत्या मंडळींची समिती नेमावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे भाऊसाहेबांची प्राणज्योत मालवली. पुढे १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. यवतमाळ जिल्हाही त्याच्याच कार्यक्षेत्रात आहे. विद्यापीठ शोधीत ज्याला समुद्र ओलांडावा लागला, त्याच्या नावाचे विद्यापीठ आज आपल्या मुलांच्या दाराशी आहे. येथे शिका वा परदेशी शिका. परंतु ज्या घराने आपली जमीन पणाला लावली त्या घराला, आणि तशाच इतर घरांना, विसरू नका, एवढेच या चरित्राचे सार आहे. भाऊसाहेबांच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.