गणेश वासुदेव जोशी

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (९ एप्रिल १८२८, सातारा – २५ जुलै १८८०) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी वकील, राजकीय कार्यकर्ते आणि स्वदेशीचे आद्य प्रचारक होते. पुणे सार्वजनिक सभेच्या संस्थापकांमध्ये ते अग्रणी होते. सभेच्या कामाला त्यांनी इतके वाहून घेतले की 'सार्वजनिक काका' हेच त्यांचे नाव रूढ झाले. पक्षकाराच्या लेखी अधिकारपत्रावर त्याची बाजू मांडण्याची वकिली पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजकारणात आणली आणि तिच्या आधारे लोकांच्या वतीने सरकारकडे दाद मागण्याची रीत घातली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा फडके यांचे वकीलपत्र जोशी यांनी घेतले होते.

पार्श्वभूमी

जोशी यांचा जन्म साताऱ्यात झाला, तेव्हा तेथे छत्रपती प्रतापसिंह यांचे राज्य होते. जोशी अकरा वर्षांचे असताना, सप्टेंबर १८३९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविले. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे राहून आपल्या धन्याची बाजू कंपनीच्या संचालकांपुढे व ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडली, परंतु त्यांना यश आले नाही. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीस निवर्तले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी यांचे निधन झाले. त्यांनी घेतलेले दत्तक कंपनीने मान्य केले नाही व सातारचे राज्य खालसा झाले. अशा रीतीने जोशी यांच्या वयाच्या विशीपर्यंत त्यांच्या जन्मगावाचे राज्य संपुष्टात आले होते, आणि तह, सनदा व अर्ज यांच्या बळावर न्याय मागण्याचा एक दीर्घ प्रयत्न साताऱ्याने पाहिला होता.

वकिली

साताऱ्यातील शिक्षणानंतर जोशी पुण्यास आले व न्यायखात्याच्या नाझर कचेरीत त्यांनी काही काळ नोकरी केली. ही नोकरी सुटल्यावर कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि सनद मिळविली. पुण्याच्या न्यायालयांत त्यांचा जम बसला.

त्या काळी वकिली हा सुशिक्षितांना सरकारी चाकरीबाहेर उपलब्ध असलेला मोजका स्वतंत्र व्यवसाय होता. सरकारी नोकराला राजकीय कामात उघडपणे पुढे होता येत नसे. त्याची बदली होऊ शकत असे किंवा बढती रोखली जाऊ शकत असे. वकिलाची उपजीविका मात्र थेट सरकारी मर्जीवर अवलंबून नसे, आणि कायदे, दस्तऐवज व अर्ज यांची भाषा त्याच्या सरावाची असे. जोशी यांच्या पुढील कार्यात या दोन्ही गोष्टी उपयोगी पडल्या.

पुणे सार्वजनिक सभेची स्थापना

सभेच्या स्थापनेचे निमित्त स्थानिक होते. पेशव्यांनी उभारलेल्या पर्वती देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराविषयी पुणेकरांमध्ये नाराजी होती. ही तक्रार मांडण्यासाठी नागरिक एकत्र आले. एकाच देवस्थानापुरती समिती नेमण्याऐवजी लोक व सरकार यांच्यामध्ये मध्यस्थी करणारी कायम संस्था असावी, असा विचार त्यातून पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे अधिपती श्रीनिवासराव परशुराम पंतप्रतिनिधी यांना सभेचे अध्यक्षपद देण्यात आले. प्रत्यक्ष कामाचा मोठा भार जोशी यांनी उचलला. सीताराम हरी चिपळूणकर व शिवराम हरी साठे हे त्यांचे निकटचे सहकारी होते.

सभेचे वैशिष्ट्य तिच्या सभासदत्वाच्या नियमात होते. कलकत्त्याची ब्रिटिश इंडियन असोसिएशन (१८५१) व मुंबईची बॉम्बे असोसिएशन (१८५२) या आधीच्या संस्था प्रामुख्याने श्रीमंत जमीनदार, व्यापारी व प्रतिष्ठित नागरिक यांच्या होत्या आणि तेथील सभासद स्वतःपुरता सभासद असे. पुण्याच्या सभेत सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या वेळी सुमारे ६,००० लोकांनी दिलेल्या मुखत्यारपत्रांवर ९५ सभासद निवडले गेले. मतदानाचा अधिकार जवळजवळ कोणालाच नसलेल्या काळात ही व्यवस्था प्रतिनिधित्वाच्या दिशेने टाकलेले महत्त्वाचे पाऊल ठरली. आपण कोणाच्या वतीने बोलता, या सरकारी प्रश्नाला सभेकडे सह्यांनिशी उत्तर होते.

न्या. रानडे यांच्याशी सहकार्य

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. सरकारी अधिकारी असल्यामुळे ते सभेचे पदाधिकारी होऊ शकत नव्हते, तथापि सभेचे वैचारिक नेतृत्व लवकरच त्यांच्याकडे आले. रानडे यांनी अभ्यास व मसुदे करावेत आणि जोशी यांनी सभा भरवाव्यात, माहिती जमवावी, सह्या घ्याव्यात व सभेच्या नावाने सरकारशी व्यवहार करावा, अशी कामाची वाटणी रूढ झाली. जुलै १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यातील बरेचसे लेखन रानडे यांचे होते.

हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे मांडण्यासाठी सभेने उपसमिती नेमून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी माहिती गोळा केली व १८७३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदी लोकांना थेट प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी करणारा अर्ज सभेने १८७५ मध्ये पाठविला. ही मागणी मान्य झाली नाही.

स्वदेशीचा प्रचार

जानेवारी १८७२ मध्ये जोशी यांनी देशी मालच वापरण्याचे व्रत घेतले आणि ते अखेरपर्यंत पाळले. ते स्वतः सूत कातीत व हातमागाचे जाडेभरडे कापड वापरीत. गिरण्यांचे विलायती कापड स्वस्त व तलम असल्यामुळे देशी विणकरांचा धंदा बसत चालला होता. याला उपदेश पुरेसा नाही, ग्राहकाला देशी माल सहज मिळाला पाहिजे, हे ओळखून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ सुरू केले आणि पुणे, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत आदी ठिकाणी देशी मालाची दुकाने उघडण्यास चालना दिली. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीपूर्वी तीन दशकांहून अधिक काळ आधीचा हा प्रयत्न होता. भांडवलाची टंचाई आणि देशी मालाची चढी किंमत यांमुळे या दुकानांचा पसारा मर्यादित राहिला.

जोशी यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा स्थापन केली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणणे हा तिच्या कार्याचा एक भाग होता.

लवाद न्यायालये

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. न्यायालयात हे रोखे निर्णायक पुरावा ठरत. बहुसंख्य दाव्यांत शेतकरी हजरच राहत नसे व एकतर्फी हुकूमनामा होऊन त्याची जमीन जात असे.

या पार्श्वभूमीवर सभेने १८७६ मध्ये पुण्यात लवाद न्यायालय सुरू केले व इतरत्रही अशी न्यायालये निघण्यास उत्तेजन दिले. दोन्ही पक्षांच्या संमतीने, अल्प खर्चात आणि तडजोडीने तंटे मिटविणे हा त्यांचा हेतू होता. अशी न्यायालये यशस्वी झाल्यास वकिलांचेच काम कमी होणार होते, तरीही जोशी यांनी त्यांच्या उभारणीत पुढाकार घेतला. १८७९ मध्ये सरकारने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. दावा दाखल होण्यापूर्वी तडजोड घडविणारे मध्यस्थ नेमण्याची तरतूद त्यातही होती.

१८७६–७८ चा दुष्काळ

१८७६ चा पावसाळा कोरडा गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडील मेढा व जावळीच्या डोंगरपट्ट्यात पाऊस भरपूर पडतो, मात्र पूर्वेकडील माण, खटाव व त्या वेळी याच जिल्ह्यात असलेला खानापूर हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. अशाच भागांना दुष्काळाची सर्वाधिक झळ बसली. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपले प्रतिनिधी पाठवून पिके, धान्याचे भाव, गुरांची अवस्था, स्थलांतर आणि मृत्यू यांची माहिती जमविली व ती निवेदनांच्या रूपाने सरकारकडे वेळोवेळी पाठविली.

१८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दुष्काळी कामांवरील मजुरी घटविण्यात आली. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत व अर्धा आणा एवढेच मिळू लागले. अनेक ठिकाणी मजुरांनी या दराने काम करण्यास नकार दिला. सभेने त्यांची बाजू घेऊन घटविलेल्या मजुरीत माणूस जगू शकत नाही, असे सरकारला कळविले. दुष्काळातही शेतसाऱ्याची वसुली चालू ठेवण्यावर सभेने टीका केली. टेंपल त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले व सभेकडे सरकार अधिक संशयाने पाहू लागले.

दिल्ली दरबार

राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याप्रीत्यर्थ १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरविला. जोशी सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले. संस्थानिकांच्या भरजरी पोशाखांमध्ये त्यांचा हातकताईच्या सुताचा पांढरा वेष उठून दिसला. सभेच्या मानपत्रात सम्राज्ञीचे अभिनंदन करतानाच हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा द्यावा, अशी मागणी होती. राजनिष्ठेची भाषा न सोडता समान हक्क मागण्याची सभेची पद्धत या मानपत्रात स्पष्ट दिसते.

वासुदेव बळवंत फडके यांचा खटला

पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरीस असलेले वासुदेव बळवंत फडके हे रानडे व जोशी यांच्या स्वदेशीविषयक विचारांनी प्रभावित झाले होते. दुष्काळातील हाल पाहून त्यांनी १८७९ च्या प्रारंभी रामोशी व अन्य साथीदारांसह सशस्त्र बंड केले. त्याच वर्षी १३ मे रोजी पुण्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लावण्यात आल्या. सरकारचा संशय पुण्यातील सुशिक्षितांवर गेला. याच सुमारास रानडे यांची धुळ्यास बदली करण्यात आली.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले व राणीच्या सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या आरोपावरून पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. जोशी यांच्या बाबतीत हा धोका अधिक होता, कारण सभा आधीच सरकारच्या रोषास पात्र झाली होती आणि बंडामागे तिचा हात असल्याची कुजबूज होती. जोशी यांचा मार्ग अर्ज व निवेदनांचा होता, फडके यांचा शस्त्राचा. तरीही आरोपीला बचावाचा हक्क आहे या भूमिकेतून जोशी उघडपणे फडके यांच्या बाजूने उभे राहिले. फडके यांनी स्वतः लिहिलेला मजकूर सरकारच्या हाती लागला होता व तोच त्यांच्याविरुद्ध मुख्य पुरावा ठरला. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांना एडनला नेण्यात आले व तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले.

निधन

फडके खटल्याच्या निकालानंतर वर्षभराच्या आतच, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी जोशी यांचे निधन झाले.

मूल्यमापन

सभेच्या प्रतिनिधित्वाला मर्यादा होत्या. तिचे पुढारपण प्रामुख्याने ब्राह्मण वकील, सरदार, इनामदार व व्यापारी यांच्याकडे राहिले. मुखत्यारपत्र देणाऱ्यांत शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोक किती, हा प्रश्न उरतोच. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी याच मुद्द्यावर सभेच्या 'सार्वजनिक' या नावावर कठोर टीका केली. मात्र शेतकऱ्यांचे कर्ज, शेतसारा आणि दुष्काळी मजुरी हे प्रश्न माहितीच्या आधारे सातत्याने सरकारपुढे मांडण्याचे काम दख्खनमध्ये सभेनेच संघटितपणे सुरू केले, हेही तितकेच खरे आहे.

डिसेंबर १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरवावयाचे ठरले होते व त्याची व्यवस्था सार्वजनिक सभेकडे होती. पटकीच्या साथीमुळे ते ऐन वेळी मुंबईस हलविण्यात आले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडण याच सभेत झाली. १८९५ मध्ये सभेची सूत्रे बाळ गंगाधर टिळक यांच्या अनुयायांकडे आली आणि रानडे व गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. मवाळ आणि जहाल या दोन्ही प्रवाहांनी सभेवर आपला हक्क सांगितला. जोशी यांनी आयुष्यात अर्जही केले आणि बंडखोराचे वकीलपत्रही घेतले. त्यामुळे दोन्ही पक्षांना त्यांच्यात आपला पूर्वसूरी दिसला.