अथनेशियस यांची अवतारनिष्ठा

ख्रिस्ती मताशी आपला सिद्धांत सर्वांशी जुळत नाही, हे उघड आहे. तथापि अवतार परमेश्वराचा की देवतेचा, या एकाच प्रश्नापायी ज्यांनी जवळजवळ सारे आयुष्य वेचले, त्या मिसर देशातील अलेक्झांड्रिया नगरीच्या धर्माध्यक्ष अथनेशियस यांचे चरित्र आपल्या साधकांनी जाणावे, असे वाटते.

इ. स. ३१८ च्या सुमारास त्याच नगरीतील एरियस नावाच्या धर्मोपदेशकाने असे प्रतिपादन आरंभिले की, ख्रिस्ताच्या ठायी अवतरलेले तत्त्व साक्षात ईश्वर नव्हे. ते ईश्वरनिर्मित वस्तूंमधील सर्वश्रेष्ठ होय. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याने अवतार देवताकोटीत नेऊन बसविला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसिया येथे भरविलेल्या धर्मसभेने हे मत त्याज्य ठरविले. तरुण अथनेशियस आपल्या धर्माध्यक्षांचे साहाय्यक म्हणून तेथे उपस्थित होते. ३२८ मध्ये ते पद त्यांच्याकडेच आले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. जो स्वतःच निर्मित, तो इतर निर्मितांस बंधनातून सोडवू शकत नाही. ईश्वराचा योग ईश्वरच घडवील. देवता आपापली फळे देतात, मोक्ष देत नाहीत, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या युक्तिवादाचे बळ निराळे सांगावयास नको. जीवाचे अनादित्व मात्र त्यांस मान्य नव्हते. जीव शून्यातून निर्माण झाला आणि अवतार एकदाच झाला, असे ते मानीत. तेथे आपली वाट वेगळी.

सभेचा निर्णय झाला, पण राजसत्ता फिरली. धान्याची जहाजे अडविण्याची धमकी दिल्याचा आळ घेऊन ३३५ मध्ये कॉन्स्टंटाइननेच त्यांना दूर ट्रियर येथे धाडले. पुढे एकूण चार सम्राटांच्या हातून पाच वेळा निर्वासन घडले. सुमारे सतरा वर्षे ते स्वस्थानास मुकले. ३५६ च्या फेब्रुवारीत रात्रीची उपासना चालू असता सैनिकांनी मंदिरास वेढा घातला. लोक बाहेर पडू लागेपर्यंत ते आसनावरून उठले नाहीत. नंतर वाळवंटातील विरक्त मुनींनी त्यांना सुमारे सहा वर्षे लपवून ठेविले. त्या मुनींचे अग्रणी अँटनी यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. विरोधकांविषयी त्यांची लेखणी कठोर, प्रसंगी अनुदारही झाली, हे नाकारता येत नाही.

३६६ मध्ये ते कायमचे परतले आणि २ मे ३७३ रोजी आपल्याच नगरीत त्यांनी देह ठेविला.