गव्हानं काही मुलं आजारी पडतात, हे कुणी शोधलं? ‘ग्लुटेन-फ्री’ आहारामागच्या डच डॉक्टरची गोष्ट

सोलापूर : कडक भाकरीच्या पाकिटावर हल्ली ‘ग्लुटेन-फ्री’ असं छापलेलं दिसतं. शेंगा चटणीसोबत भाकरी खात मोठ्या झालेल्या सोलापूरकराला त्याचं अप्रूप वाटायचं कारण नाही. ज्वारीत ग्लुटेन कधी नव्हतंच. पण हा शब्द पाकिटावर येण्याच्या कितीतरी आधी दवाखान्यात आला होता. काही मुलं गव्हाचं खाऊन वाळत जातात आणि गहू बंद केला की सावरतात, हे नीट सिद्ध व्हायला १९५० साल उजाडलं. ते सिद्ध करणारे बालरोगतज्ज्ञ होते नेदरलँड्सचे डॉ. विलेम कारेल डिके.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

कणकेचा गोळा नळाखाली धरून धुतला की पांढरं पाणी वाहून जातं. ते स्टार्च. हातात च्युइंग गमसारखा जो चिवट गोळा उरतो, ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातली प्रथिनं. त्यांच्यामुळे चपाती लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारीत ही चिकटपट्टी नसते. म्हणून पिठात कढत पाणी घालावं लागतं, भाकरी थापावी लागते आणि हात जरा चुकला की कडा चिरतात.

बहुतेकांना ग्लुटेन पचतं, त्रास होत नाही. पण विशिष्ट जनुकं असलेल्या काही जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेन आलं की बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. याला सीलिॲक आजार म्हणतात. मूल जेवतं, पण अंगाला लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय, थांबलेली उंची, औषधं देऊनही न हटणारा रक्तक्षय अशी त्याची लक्षणं.

डिकेंच्या आधी काय उपचार होते?

लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं. बरं व्हायचं असेल तर ते आहारानंच, हेही त्यांनी ओळखलं होतं. कोणता आहार, हे मात्र सापडलं नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज डच शिंपले दिल्यावर बरं वाटलं, शिंपल्यांचा हंगाम संपला आणि त्रास परतला. १९२४ मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुलं खरोखर सुधारली आणि केळ्यात काही औषधी गुण आहे, असा समज पसरला. प्रत्यक्षात त्या आहारात ब्रेड नव्हता, एवढंच. हास मात्र पिष्टमय पदार्थांनाच दोष देत राहिले. उत्तर बरोबर, रीत चुकीची. त्यामुळे मूल बरं झालंय असं समजून ब्रेड पुन्हा सुरू व्हायचा आणि आजार परत यायचा.

एका आईनं सांगितलं आणि डॉक्टरांनी ऐकलं

डिके यांचा जन्म १९०५ मध्ये डॉर्ड्रेक्ट शहरात झाला. लायडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते हेग शहरातल्या ज्युलियाना बालरुग्णालयात आले आणि १९३६ मध्ये, अवघ्या ३१व्या वर्षी, त्याच रुग्णालयाचे प्रमुख झाले.

याच सुमारास एका आईनं त्यांना सांगितलं, की मुलाच्या खाण्यातून ब्रेड काढला की त्याच्या अंगावरचं पुरळ ओसरतं. मूल सीलिॲकचं रुग्ण होतं. घरोघरच्या आया असं काहीबाही सांगतच असतात आणि बहुतेक डॉक्टर मान हलवून पुढचा पेशंट बोलावतात. डिकेंनी ते डोक्यात ठेवलं आणि आपल्या रुग्णांना गव्हाविना ठेवून पाहायला सुरुवात केली. १९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात गहू वर्ज्य करणाऱ्या साध्या आहाराबद्दल लिहिलं. पण लेख डच भाषेत होता, देश जर्मनीच्या ताब्यात होता आणि महायुद्ध पेटलेलं होतं. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही.

‘भुकेचा हिवाळा’ : गोष्ट आणि वस्तुस्थिती

इंटरनेटवर डिकेंचं नाव शोधलं की एक गोष्ट हमखास वाचायला मिळते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला. सुमारे २० हजार माणसं मेली. लोकांनी ट्युलिपचे कंद आणि साखरेचं बीट उकडून खाल्लं. सगळा देश खंगत असताना सीलिॲकची मुलं मात्र तुलनेनं बरी राहिली. मग मदतीचा ब्रेड आला आणि तीच मुलं पुन्हा आजारी पडली. ते पाहून डिकेंना शोध लागला, असं सांगितलं जातं.

गोष्ट छान आहे, पण क्रम उलटा आहे. गव्हाचा संशय त्यांना जवळपास दशकभर आधी आला होता आणि १९४१ चा लेख त्याचा पुरावा आहे. दुष्काळानं त्यांच्या संशयाला बळ दिलं, शोध लावला नाही. शिवाय दुष्काळ हा प्रयोग म्हणून तसा कुचकामीच, कारण तेव्हा गव्हाबरोबर दूध, लोणी, साखर सगळंच गायब झालं होतं. दहा गोष्टी एकदम बदलल्यावर फरक कशानं पडला, हे कोण सांगणार?

मग सिद्ध कसं केलं?

युद्धानंतर डिकेंनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. रुग्णालयातल्या मोजक्या मुलांना महिनोन्महिने ठरलेला आहार दिला. गहू काढला, वजनाची रेघ वर गेली. गहू परत दिला, काही दिवसांनी भूक मेली, जुलाब सुरू झाले, रेघ खाली आली. गव्हाच्या जागी तांदूळ किंवा मका दिला तर त्रास नाही. राय या धान्यानं मात्र गव्हासारखाच त्रास. आजारी मुलांना मुद्दाम गहू खाऊ घालण्याला आजची कुठलीही नैतिकता समिती सहजासहजी परवानगी देणार नाही, हेही इथं नोंदवायला हवं.

निव्वळ वजनावर ते थांबले नाहीत. उट्रेख्टचे रसायनतज्ज्ञ फान डे कामर यांनी विष्ठेतली चरबी मोजण्याची पद्धत तयार केली होती. आतडं काम करत नसेल तर खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडते, तेव्हा हा आकडा म्हणजे आतड्याचं प्रगतिपुस्तकच. गहू दिला की आकडा वाढायचा, काढला की उतरायचा. डॉ. वाइयर्स हे तिसरे सहकारी. १९५० मध्ये डिकेंनी उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला.

पुढची पायरी होती गव्हातलं नेमकं काय बाधतं, ही. उत्तर पुन्हा त्या धुतलेल्या कणकेत होतं. स्टार्च निर्दोष ठरलं आणि ग्लुटेन दोषी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला डॉ. शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे तेच दाखवलं, १९५३ मध्ये डच गटाचे निबंध इंग्रजीत आले. आतड्याचा तुकडा काढून तपासण्याची सोय १९५० च्या दशकाच्या मध्यावर झाली आणि झिजलेलं आतडं प्रत्यक्ष दिसलं.

डिके १९५७ मध्ये उट्रेख्टला प्राध्यापक आणि तिथल्या विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. १९६२ मध्ये ते गेले, तेव्हा वय जेमतेम ५७ होतं. ग्लुटेन-फ्री वस्तूंची आजची बाजारपेठ त्यांनी पाहिली नाही.

सोलापूरशी याचा काय संबंध?

डिके हेगमध्ये गव्हावर संशय घेत होते, त्याच दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात ‘मालदांडी ३५-१’ हे रब्बी ज्वारीचं वाण निवडलं गेलं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज सीलिॲकचं निदान झालेल्या मुलाच्या आईला डॉक्टर जी पर्यायी धान्यं सांगतात, त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ वरच्या क्रमांकावर असतात.

देशात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत जास्त आढळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर भारतात साधारण १०० मागे एक, तर दक्षिणेत हजारामागे एक असं प्रमाण दिसलं. सोलापूर जिल्हा ज्वारीचा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. पण ताटात आता चपाती रोजची झाली आहे आणि मुलांच्या डब्यात बिस्किटं. भाकरीच्या आडोशानं जे लपून राहिलं असतं, ते आता वर येऊ शकतं. असं मूल अनेकदा ‘कुपोषित’ किंवा ‘जंताचं’ म्हणून वर्षानुवर्षं टॉनिकवर राहतं.

स्वतःच गहू बंद करावा का?

तपासणीआधी नको. सीलिॲकसाठी रक्तातली टीटीजी नावाची प्रतिपिंडं तपासतात आणि गरजेनुसार एंडोस्कोपी करतात. गहू आधीच सोडला तर प्रतिपिंडं उतरतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. गव्हाची ॲलर्जी वेगळी आणि सीलिॲक नसतानाही गव्हानं पोट फुगणं वेगळं. सीलिॲकमध्ये पथ्य जन्मभराचं आणि काटेकोर असतं. इतरांनी गहू सोडून आतडं ‘शुद्ध’ होतं वगैरे रील्सवरच्या दाव्यांना आधार नाही.

खपली गहू पचायला हलका म्हणून खपवला जातो. तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. रवा, शेवया, मैदा, जव यांतही आहे. आणि भाकरी? ज्या चक्कीत आत्ताच गहू दळला, तिच्यातच ज्वारी टाकली तर पीठ ग्लुटेन-फ्री राहत नाही. भारतीय नियमांनुसार तसं लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, म्हणजे चिमूटभर कणीकही पुरे. म्हणून अशा घरांत ज्वारीसाठी वेगळी घरघंटी, वेगळा डबा आणि वेगळी परात ठेवायला सांगतात. फोडणीतल्या हिंगाचं पाकीटही उलटून वाचावं लागतं. बाजारातल्या बऱ्याच हिंग पावडरीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.