एडवर्ड मेरिक : सूक्ष्म पतंगांचे नामकर्ते

राधानगरीकडील काजूच्या कोवळ्या पालवीवर पांढुरके फोड आलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. पानाच्या वरच्या पापुद्र्याखालीं एक इवलीशी अळी शिरून आंतील हिरवा गर खाते, त्याचा हा परिणाम होय. वाढ पूर्ण झाल्यावर ती तांबूस होते, मातींत उतरून कोश करते, आणि त्यांतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा करडा पतंग बाहेर पडतो. आंब्याच्या पालवीवरही तिचें तसेंच पोषण होतें. काजू पोर्तुगीजांनीं ब्राझील देशांतून आणलेला, आंबा येथील. परंतु दोन्हीं झाडें एकाच कुळांतील, आणि मनुष्याच्या सहसा ध्यानांत न येणारें हें नातें त्या अळीस मात्र ठाऊक असतें. या पतंगास १९१४ सालीं शास्त्रीय नांव दिलें तें एका इंग्रज शाळामास्तरांनीं.

एडवर्ड मेरिक यांचा जन्म विल्टशायर परगण्यांतील रॅम्सबरी येथें २५ नोव्हेंबर १८५४ रोजीं झाला. मार्लबरोची शाळा व केंब्रिजचें ट्रिनिटी कॉलेज येथें त्यांचें शिक्षण झालें. १८७७ सालीं ते ऑस्ट्रेलियास गेले. तेथें व न्यूझीलंडमध्यें त्यांनीं कांहीं वर्षें अध्यापन केलें. न्यूझीलंडच्या ओलसर रानांत कित्येक पतंग इतक्या प्राचीन घराण्यांतील आहेत कीं, त्यांस मध शोषण्याची सोंड नसून चावण्याचे जबडे असतात. ते नेच्यांचे बीजकण व फुलांचे पराग चावून खातात, आणि त्यांच्या अळ्या शेवाळवर्गीय वनस्पतींवर वाढतात. पृथ्वीवर फुलझाडें सर्वत्र पसरण्यापूर्वींच्या काळाची ती जणुं शिल्लकच! अशा कांहीं जातींचें प्रथम वर्णन मेरिक यांनींच केलें.

मायदेशीं परतल्यावर १८८७ पासून १९१४ पर्यंत ते मार्लबरोच्याच शाळेंत ग्रीक व लॅटिन शिकवीत. शाळेचें काम संपलें कीं पतंग. त्यांच्याकडे देशोदेशींहून टपालानें डबे येत. आपल्या बाजूच्या कारवारहून मॅक्सवेल यांचे, बिहारांतील पुसा येथून फ्लेचर यांचे. वर्णनें छापण्यासाठीं १९१२ पासून त्यांनीं स्वखर्चानें एक नियतकालिक चालविलें. त्याचे लेखक ते एकटेच. त्यांनीं नांवें दिलेल्या जाती चौदा हजारांहून अधिक भरतात. रॉयल सोसायटीनें १९०४ सालीं त्यांस सभासद करून घेतलें.

मात्र त्यांचा एक हट्ट विद्वत्तेस शोभणारा नव्हता. हातांतील भिंगानें पंखांच्या शिरा पाहूनच ते निर्णय देत. सूक्ष्मदर्शकाखालीं विच्छेदन करण्याची पद्धत रूढ झाली तरी त्यांनीं ती स्वीकारली नाहीं. शिवाय टांचणीस टोंचलेला मृत पतंग कोणत्या झाडाचा, हें पंखांवरून कसें कळावें? ती उणीव फ्लेचर यांनीं भरून काढली. त्यांनीं पुसा येथें अळ्या त्यांच्या त्यांच्या झाडांच्या पानांवर वाढविल्या, निघालेले पतंग मेरिक यांस पाठविले, आणि त्यांचीं जीवनवृत्तें १९२० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं.

मेरिक ३१ मार्च १९३८ रोजीं वारले. त्यांचा एक लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे गेला. तेथें अमेरिकन संशोधक क्लार्क यांनीं त्यांतील मूळ नमुने पुन्हां हातीं घेतले, मेरिक यांनीं टाळलेलें तेंच विच्छेदन केलें, आणि १९५५ ते १९७० या काळांत त्यांची सूची आठ खंडांत छापली.